एटीएममधून पैसे आले नाहीत, खात्यातून मात्र गेले : कुणाकडे जायचं, किती दिवसांत मिळतात?

मशीन घरघरतं, आत नोटा मोजल्याचा आवाज येतो आणि मग सगळं शांत. पडद्यावर व्यवहार पूर्ण न झाल्याची ओळ झळकते. बेळगावात ती कन्नडमध्ये असते, बडोद्यात गुजरातीत, हैदराबादेत तेलुगूत, आणि सगळीकडे इंग्रजीत. कार्ड परत मिळतं, पैसे मिळत नाहीत. दोन मिनिटांत मोबाईल वाजतो : खात्यातून ५,००० रुपये वजा. केबिनमध्ये विचारायला माणूस नाही. बाहेरचा वॉचमन असलाच तर "उद्या बँकेत जावा" एवढंच सांगतो. सुट्टीच्या दिवशी बँकही बंद.

यात पहिली गोष्ट लक्षात ठेवायची ती ही, की हे पैसे बुडत नाहीत. त्यासाठी रिझर्व्ह बँकेचा स्पष्ट नियम आहे. तो अनेक खातेदारांना माहीत नसतो, आणि काउंटरवर कुणी आपण होऊन सांगेल अशी अपेक्षा धरू नये.

पाच दिवस, त्यानंतर रोज शंभर रुपये

रिझर्व्ह बँकेनं २० सप्टेंबर २०१९ रोजी एक परिपत्रक काढलं. ते १५ ऑक्टोबर २०१९ पासून लागू झालं. फसलेल्या व्यवहाराचे पैसे किती दिवसांत परत करायचे आणि उशीर झाला तर भरपाई किती, हे त्यात प्रत्येक प्रकारासाठी वेगवेगळं ठरवून दिलं आहे. एटीएमसाठी नियम असा : खात्यातून रक्कम वजा झाली पण नोटा बाहेर आल्या नाहीत, तर व्यवहाराच्या तारखेपासून पाच दिवसांच्या आत बँकेनं स्वतःहून ती रक्कम परत जमा करायची. पाच दिवस उलटले की पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई.

यातले दोन शब्द महत्त्वाचे आहेत. एक म्हणजे "दिवस". हे कॅलेंडरचे दिवस आहेत, कामकाजाचे नव्हेत. मध्ये रविवार आला, दसरा आला, राज्योत्सवाची सुट्टी आली, तरी मोजणी थांबत नाही. दुसरा शब्द "स्वतःहून". भरपाई मिळण्यासाठी खातेदारानं तक्रार केलीच पाहिजे अशी अट नाही. बँकेनं ती आपण होऊन खात्यात टाकायची आहे.

हिशेब सोपा आहे. समजा १ मार्चला ५,००० रुपये अडकले. पाच दिवसांची मुदत ६ मार्चला संपते. पैसे २० मार्चला परत आले तर १४ दिवस उशीर झाला. म्हणजे खात्यात ५,००० अधिक १,४०० असे ६,४०० रुपये यायला हवेत. व्यवहारात बऱ्याचदा मूळ ५,००० येतात, खातेदार "सुटलो बाबा" म्हणून श्वास टाकतो, आणि वरच्या १,४०० ची आठवण कुणालाच राहत नाही. रक्कम ५०० ची असो की १०,००० ची, भरपाई रोजची शंभरच. त्यामुळे छोटी रक्कम जास्त दिवस अडकली तर भरपाई मुद्दलापेक्षा मोठी होऊ शकते. पासबुक भरून घेऊन दोन्ही नोंदी तपासाव्यात, हे बरं.

आधी असं नव्हतं. २००९ मध्ये मुदत १२ कामकाजाच्या दिवसांची होती. २०११ मध्ये ती ७ कामकाजाच्या दिवसांवर आली, पण मुदत तक्रार केल्यापासून मोजायची आणि भरपाई हवी तर ३० दिवसांत तक्रार करायची, असं होतं. त्या काळातले सल्ले अजून तोंडातोंडी फिरतात. "सात दिवस थांबा" असं कुणी सांगितलं तर ते जुनं झालं, एवढं समजावं.

मोबाईलवरून यूपीआयनं स्कॅन करून कार्डाशिवाय एटीएममधून पैसे काढणाऱ्यांनाही हेच संरक्षण आहे. मात्र यूपीआयनं एका माणसाकडून दुसऱ्याकडे पैसे पाठवताना अडकले तर तो वेगळा प्रकार. तिथं मुदत आणखी कमी, व्यवहारानंतरच्या एका दिवसाची आहे.

पैसे नेमके अडकतात कुठं?

हे कळलं की बँकेशी बोलणं सोपं जातं, म्हणून थोडं सविस्तर.

पिन टाकून रक्कम दाबली की मशीन लगेच नोटा मोजत नाही. आधी ते मागणी पुढं पाठवतं. कार्ड दुसऱ्या बँकेचं असेल तर ती मागणी नॅशनल फायनान्शियल स्विच या सामायिक जाळ्यातून खातेदाराच्या बँकेकडे जाते. हे जाळं २००४ मध्ये हैदराबादच्या आयडीआरबीटी या रिझर्व्ह बँकेनं स्थापन केलेल्या संस्थेनं उभं केलं. २००९ पासून ते एनपीसीआय चालवते. खातेदाराची बँक शिल्लक बघते, रक्कम वजा करते आणि "द्या" असा निरोप उलट पाठवते. त्यानंतर मशीन पेट्यांमधून नोटा ओढायला लागतं.

म्हणजे खात्यातून पैसे आधी जातात, नोटा नंतर निघतात. या दोन्हींच्या मधल्या काही सेकंदांत घोळ होतो. दोन नोटा चिकटून आल्या तर सेन्सर त्या ओळखून वेगळ्या पेटीत टाकतो. नोट मळकी, दुमडलेली असली तर मशीन अडतं. वीज जाते. लाईन तुटते. नोटा देता आल्या नाहीत तर मशीननं "व्यवहार उलटा करा" असा निरोप मागे पाठवायचा असतो. तो पोचला तर पैसे काही मिनिटांत खात्यात परत दिसतात, आणि पुष्कळ वेळा तसंच होतं. पण लाईनच तुटली असेल तर निरोप जाणार कुठून? मग खात्यात पैसे वजा, आणि मशीनच्या पोटात तेवढेच पैसे जास्त.

हे जास्तीचे पैसे उघड होतात ते नोटा भरणारी एजन्सीची माणसं पुढच्या वेळी येऊन मशीन उघडतात आणि पेट्यांची मोजणी करतात तेव्हा. शहरातल्या गर्दीच्या मशीनवर ती फेरी लवकर होते, आडबाजूच्या गावात उशिरा. मात्र हे बँकांनी आपसात बघायचं. मोजणी झाली नाही म्हणून खातेदारानं थांबावं, असं नियमात कुठंही नाही.

केबिनमध्ये असतानाच

घाईनं बाहेर पडू नये. मशीन उशिरानं नोटा बाहेर टाकू शकतं आणि मागून येणारा त्या उचलून जातो. पडदा पुन्हा पहिल्या पानावर येईपर्यंत, निदान दोन-तीन मिनिटं, तिथंच थांबावं. नोटा जिथून निघतात त्या फटीकडे नीट बघावं. त्या फटीवर पट्टी चिकटवून नोटा आतच अडकवायच्या आणि गिऱ्हाईक गेलं की काढून न्यायच्या, ही चोरीची पद्धत नवी नाही. पट्टी सैल दिसली, काही चिकटवल्यासारखं वाटलं, तर तिथूनच बँकेच्या हेल्पलाईनला आणि ११२ ला फोन करावा. जागा सोडू नये.

मदतीला धावून आलेल्या अनोळखी माणसाच्या हातात कार्ड द्यायचं नाही. हा सल्ला कितीदा छापून आला तरी पेन्शनच्या आठवड्यात कार्ड बदलून फसवल्याच्या बातम्या येतातच. पिन पुन्हा पुन्हा टाकून बघण्यातही अर्थ नाही; एकाऐवजी दोनदा रक्कम अडकायची.

पावती आली तर फाडून टाकू नये. आली नाही तर मोबाईलचा मेसेज जपून ठेवावा. एटीएमचा ओळख क्रमांक केबिनमध्ये ठळक लावलेला असावा, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलेलं आहे. त्याचा फोटो काढावा. तारीख, वेळ आणि हा क्रमांक एवढं असलं की बाकीचं बँकेला शोधता येतं. रक्कम अर्धवट आली, म्हणजे पाच हजारांऐवजी साडेतीन हजार, तर नोटा तिथंच, कॅमेऱ्यासमोर मोजाव्यात. बाहेर येऊन मोजल्या की पुरावा सैल पडतो.

मशीन बेळगावचं, खातं कोल्हापूरचं

सीमाभागात खरी गोची इथं होते. निपाणी, खानापूर, बेळगाव या पट्ट्यात खातं एका राज्यात आणि मशीन दुसऱ्या राज्यात, हे रोजचं आहे. गोव्यात कामाला असलेल्या पोराचं खातं सावंतवाडीच्या शाखेत. इंदूर, ग्वाल्हेरच्या घरांत आजीचं पेन्शन खातं पुण्यात. पैसे अडकले की माणूस आधी ज्या बँकेचं मशीन त्या शाखेत जातो. ते म्हणतात, तुमचं खातं आमच्याकडे नाही. मग खात्याच्या बँकेची गावातली शाखा म्हणते, तुमची मूळ शाखा गाठा. यात बसचं भाडं आणि दोन दिवसांची रजा गेली.

उत्तर एकच आहे. तक्रार आपलं खातं ज्या बँकेत आहे, कार्ड ज्या बँकेनं दिलं, तिच्याकडेच करायची. मशीन कुणाचंही असो, खाजगी कंपनीचं असो, कुठल्याही राज्यातलं असो. पुढचा पाठपुरावा ती बँक मशीनवाल्या बँकेकडे करते. मूळ शाखेत प्रत्यक्ष जाण्याचीही गरज नाही. हेल्पलाईन, मोबाईल अ‍ॅप, नेटबँकिंग, ईमेल किंवा त्याच बँकेची जवळची शाखा, काहीही चालतं. फक्त एक पथ्य : तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही आणि काउंटरवरून उठायचं नाही. तोंडी "बघतो" याला किंमत नाही.

अर्जात फार लिहावं लागत नाही. पुढचा नमुना पुरेसा आहे :

"माझ्या बचत खात्यातून दिनांक ____ रोजी ____ वाजता एटीएम क्रमांक ____ येथे ____ रुपये काढण्याचा प्रयत्न केला. नोटा मिळाल्या नाहीत / ____ रुपयेच मिळाले. खात्यातून पूर्ण रक्कम वजा झाली आहे. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार रक्कम आणि पाच दिवसांनंतरच्या विलंबाबद्दल प्रतिदिन १०० रुपये भरपाई जमा करावी. व्यवहाराची मशीनवरील नोंद, रोकड ताळेबंद आणि सीसीटीव्ही चित्रण जतन करावे."

शेवटचं वाक्य गाळू नये. कॅमेऱ्याचं चित्रण कायम ठेवलेलं नसतं. ते पुसलं जाण्याआधी मागणी लेखी नोंदलेली असणं पुढं कामाला येतं. पैसे अडकल्यामुळे त्याच आठवड्यात कर्जाचा हप्ता किंवा विम्याचा हप्ता परत गेला आणि दंड बसला, तर तोही याच अर्जात मागावा. तो दंड रोजच्या शंभर रुपयांत धरलेला नाही.

"व्यवहार यशस्वी" असं उत्तर आलं तर

बँकेचं सगळ्यात चीड आणणारं उत्तर हेच. आमच्या नोंदीप्रमाणे व्यवहार यशस्वी आहे, तक्रार बंद. बँक हे म्हणते ते मशीनच्या आतल्या नोंदवहीवरून. प्रत्येक एटीएम आपल्या हालचाली ओळीनं टिपून ठेवतं : कार्ड घातलं, मागणी गेली, होकार आला, कुठल्या पेटीतून किती नोटा ओढल्या. त्यात नोटा दिल्याची नोंद दिसली की खातेदाराला खोटं ठरवायला बँक मोकळी.

पण ती नोंद हा शेवटचा शब्द नाही. नोटा खरंच निघाल्या असतील तर त्या दिवसाचा रोकड हिशेब जुळला पाहिजे, आणि नोटा उचलणारा हात कॅमेऱ्यात दिसला पाहिजे. म्हणून अशा उत्तरावर गप्प बसण्याऐवजी तीन गोष्टी लेखी मागाव्यात : मशीनवरील नोंदीची प्रत, त्या फेरीचा रोकड ताळेबंद, आणि चित्रण. बंद केलेली तक्रार पुन्हा उघडता येते. बहुतेक बँकांत शाखेच्या वर नोडल अधिकारी असतो आणि त्याचा पत्ता बँकेच्या वेबसाईटवर दिलेला असतो.

लोकपाल : इथं भाषेची आणि राज्याची अडचण नाही

बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तक्रार फेटाळली किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. यासाठी काही फी नाही आणि वकील लागत नाही. उलट वकिलामार्फत केलेली तक्रार घेतलीच जात नाही. मात्र आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असली पाहिजे. ती न करता थेट गेलेली तक्रार परत येते, आणि या एका चुकीमुळे पुष्कळ महिने वाया जातात.

सीमाभागासाठी महत्त्वाचं असं, की १२ नोव्हेंबर २०२१ रोजी एकात्मिक लोकपाल योजना सुरू झाली तेव्हा हद्दीची भानगड संपली. त्याआधी कुठल्या कार्यालयाच्या हद्दीत तक्रार बसते ते खातेदारालाच शोधावं लागे. शाखा महाराष्ट्रात, माणूस कर्नाटकात, मग मुंबई की बंगळूर? आता देशभरासाठी एकच दार आहे. तक्रार सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या पोर्टलवर करता येते. कागदावर करायची असेल तर पत्ता असा : केंद्रीकृत पावती आणि प्रक्रिया केंद्र, भारतीय रिझर्व्ह बँक, चौथा मजला, सेक्टर १७, चंदीगड १६००१७.

या चंदीगडच्या केंद्रात कुठल्याही भाषेतली तक्रार स्वीकारली जाते, असं रिझर्व्ह बँकेनं योजना सुरू करतानाच जाहीर केलेलं आहे. म्हणजे बेळगावचा, बिदरचा किंवा बडोद्याचा माणूस स्वच्छ मराठीत पत्र लिहून पाठवू शकतो. मशीनच्या पडद्यावर मराठीचं बटण नसेल, गावातल्या शाखेत मराठी अर्ज बघून कपाळाला आठ्या पडत असतील, पण वरच्या पायरीवर ती अडचण नाही. १४४४८ हा टोल फ्री क्रमांकही आहे. तिथं हिंदी-इंग्रजीखेरीज ज्या दहा प्रादेशिक भाषांत माणसाशी बोलता येतं, त्यात मराठी आहे, कन्नड, गुजराती, तेलुगूही आहेत. फोन करायचा तो कामाच्या दिवशी, दिवसा. इतर वेळी रेकॉर्ड केलेली माहिती ऐकावी लागते.

एक इशारा. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. सीमाभागात पतसंस्थांचं जाळं मोठं आहे, आणि त्यांचे सभासद सहसा "आमची बँक" असंच म्हणतात. पण पतसंस्थेला रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो, त्यामुळे तिची तक्रार या लोकपालाकडे चालत नाही. ती सहकार खात्याकडे न्यावी लागते.

लोकपालाऐवजी ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करायची मुभा दिली. बँकेचं मुख्य कार्यालय कुठंही असो, बेळगावकरानं बेळगावच्या जिल्हा आयोगात जावं. लहान रकमांना फी नाही. एकाच प्रकरणासाठी दोन्ही दारं एकदम ठोठावता मात्र येत नाहीत. आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल हात लावत नाही. चार-पाच हजारांच्या रकमेसाठी आधी लोकपाल बरा : घरबसल्या होतं, तारखांना हजर राहावं लागत नाही.

फसलेला व्यवहार मोफत कोट्यात धरला तर

बचत खात्याला महिन्याला स्वतःच्या बँकेच्या मशीनवर पाच व्यवहार मोफत असतात. दुसऱ्या बँकेच्या मशीनवर सहा महानगरांत तीन आणि इतरत्र पाच. हैदराबाद त्या सहांत येतं. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, बेळगाव, पणजी येत नाहीत. म्हणजे हैदराबादच्या मराठी माणसाला तीन, बाकीच्यांना पाच. त्यापुढं प्रत्येक व्यवहाराला १ मे २०२५ पासून २३ रुपयांपर्यंत आकार, वर कर. यात शिल्लक बघणंही व्यवहार म्हणून मोजलं जातं, हे पुष्कळांना बिल बसल्यावर कळतं.

पण मशीन बिघडलं, लाईन गेली, नोटा संपल्या, अशा बँकेकडच्या कारणांनी फसलेला व्यवहार या मोजणीत धरायचा नाही आणि त्याला आकारही लावायचा नाही. रिझर्व्ह बँकेनं हे ऑगस्ट २०१९ मध्ये वेगळं परिपत्रक काढून सांगितलं. पिन चुकला तरी हेच. धरला गेला असेल तर तोही परत मागावा. २३ रुपयांसाठी कोण भांडतं, असं म्हणून सोडणारेच जास्त, आणि बँकेला ते ठाऊक असतं.

"नो कॅश"ची पाटीही बँकेला फुकट पडत नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून एखादं मशीन महिन्यात एकूण दहा तासांपेक्षा जास्त वेळ रोकडीविना राहिलं तर बँकेला त्या मशीनमागे १०,००० रुपये दंड आहे. शिवाय एप्रिल २०२५ च्या परिपत्रकानं १०० किंवा २०० च्या नोटा देणारी निदान एक पेटी असलेल्या मशीनचं प्रमाण ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत ७५ टक्के आणि ३१ मार्च २०२६ पर्यंत ९० टक्के करायला सांगितलं. आठवड्याच्या बाजारात पाचशेची नोट घेऊन सुट्ट्यांसाठी फिरणाऱ्याला दंडापेक्षा हा नियम जवळचा वाटेल.

पैसे भरायच्या मशीनचं प्रकरण थोडं निराळं. तिथं नोटा आत गेल्या आणि खात्यात आल्या नाहीत, तर वर सांगितलेला एटीएमचा पाच दिवसांचा नियम शब्दशः लागू होईल असं धरून चालू नये. तो नोटा बाहेर न आल्याबद्दलचा आहे. तक्रारीची वाट मात्र तीच : क्रमांक, वेळ, फोटो, लेखी अर्ज, ३० दिवस, मग चंदीगड. भरण्याआधी नोटा किती किमतीच्या किती, हे कागदावर लिहून ठेवलेलं असेल तर मशीन उघडून मोजणी झाल्यावर आकडा ताडून बघता येतो. दुकानदार ही सवय पाळतात. घरगुती खातेदारांत ती क्वचित दिसते.